वाय-फाय सारखं तुटतंय? नवा राउटर घेण्याआधी हे तपासा

सोसायटीत, नातेवाइकांकडे आणि ओळखीच्या एक-दोन छोट्या ऑफिसांत "वाय-फाय परत गेलं" म्हणून पहिला फोन मला येतो. बिघाड बहुतेक वेळा त्याच त्या पाच-सहा जागी सापडतो. लोक मात्र थेट नवा राउटर घेऊन मोकळे होतात आणि आठवड्याभरात पुन्हा तीच रड सुरू होते. म्हणून मी ज्या क्रमाने शोधतो तो क्रम इथे लिहितो आहे. फुकटचं आणि सोपं आधी, खर्चाचं आणि किचकट नंतर.

लक्षणं

"तुटतं" म्हणजे नक्की काय होतं हे आधी ठरवा, कारण उपाय त्यावरच ठरतो.

फोनवरचं वाय-फायचं चिन्ह आपोआप जातं, मोबाइल डेटा चालू होतो आणि थोड्या वेळाने वाय-फाय परत येतं. इथे फोन आणि राउटर यांच्यातला दुवा तुटतो आहे.

चिन्ह जागेवर आहे, पण त्यावर उद्गारचिन्ह येतं किंवा "कनेक्टेड, नो इंटरनेट" असं दिसतं. वाय-फाय शाबूत आहे, राउटरच्या पलीकडे घोळ आहे.

राउटरचे सगळे दिवे एकदम जातात आणि दोन-तीन मिनिटांनी नेट येतं. राउटर स्वतःच बंद होऊन पुन्हा चालू होतो आहे. हा विजेचा मामला.

घरात सगळ्यांचं चालतं, एकाच लॅपटॉपचं तुटतं. राउटरला हात लावू नका, दोष त्या लॅपटॉपमध्ये शोधा.

बेडरूममध्येच तुटतं, हॉलमध्ये नाही. जागेचा आणि भिंतींचा प्रश्न.

ठरावीक वेळीच तुटतं: संध्याकाळी, पाऊस पडला की, दुपारी जेवण गरम करताना. हे लक्षण सगळ्यांत मोलाचं आहे. दोन दिवस वेळा कागदावर टिपल्यात तर निम्मा शोध तिथेच संपतो.

आणखी एक तक्रार हमखास येते: "व्हिडिओ नीट चालतात, पण मीटिंगमध्येच मी गोठतो." व्हिडिओ पुढचा काही भाग आधीच उतरवून ठेवतो, त्यामुळे पाच-दहा सेकंदांची खोट त्याला कळत नाही. कॉलला ती लगेच कळते. म्हणजे नेट दोन्ही वेळा तुटत असतं. स्पीड टेस्टचाही इथे उपयोग नाही. ती अर्ध्या मिनिटाचा वेग मोजते, आणि तेवढ्यात नेट तुटलं नाही तर झकास आकडा दाखवते.

आधी राउटर बंद-चालू करू नका

सवयीने हात बटणाकडे जातो, आणि पुन्हा चालू केल्यावर बऱ्याचदा नेट येतंही. पण त्याबरोबर पुरावा पुसला जातो. नेट गेलेलं असताना कुठला दिवा कसा होता, राउटर किती वेळ चालू होता, हे नंतर कळायला मार्ग नाही. आधी दोन मिनिटं बघा, मग बटण दाबा.

फोनवर मला बहुतेक वेळा असंच संभाषण करावं लागतं:

"काकू, डब्यावर लाल दिवा दिसतोय का कुठला?"
"थांब, चष्मा लावते. हो रे, एक लाल लुकलुकतोय. खाली एल-ओ-एस लिहिलंय."
"मग तुम्ही काहीच करू नका. कंपनीला फोन करा, फायबर तुटलीय म्हणावं."

हा लॉसचा (एलओएस, म्हणजे "लॉस ऑफ सिग्नल") दिवा. घरात फायबर येते त्या डब्यावर तो असतो आणि तो लाल झाला म्हणजे प्रकाशाचा सिग्नल येतच नाही. शेजारचा पॉनचा दिवा स्थिर हिरवा हवा. तो लुकलुकत असेल तर डबा कंपनीकडच्या यंत्राशी जोडून घ्यायचा प्रयत्न करतो आहे, पण जमत नाहीये. या दोन दिव्यांत गडबड असेल तर पुढचा बराचसा लेख तुमच्यासाठी नाही. सरळ "तारा" या भागातल्या फायबरच्या मजकुराकडे जा.

दिवे ठीक असतील तर फोनची एक युक्ती आहे. नेट गेलेलं असतानाच, वाय-फायला जोडलेल्या फोनच्या ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. बहुधा तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, राउटरच्या पोटावरच्या स्टिकरवर छापलेला असतो. पत्ता टाकताना मोबाइल डेटा बंद ठेवा. लॉगिनचं पान पटकन उघडलं तर तुमचं वाय-फाय धडधाकट आहे आणि दोष पुढच्या तारेत किंवा कंपनीकडे आहे. पान उघडलंच नाही तर दोष घरातच आहे.

लॅपटॉप असेल तर याहून पक्कं कळतं. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत पिंग (समोरच्या यंत्राला हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते मोजणारी आज्ञा), मग राउटरचा पत्ता आणि शेवटी "-टी" असं (अर्थात रोमन अक्षरांत) टाका. दुसरीत पत्त्याच्या जागी ८.८.८.८ टाका, हा गुगलचा सार्वजनिक डीएनएस सर्व्हर आहे, म्हणजे घराबाहेरचं, इंटरनेटवरचं एक यंत्र. दोन्ही चालू ठेवून आपलं काम करत राहा. नेट तुटलं की दोन्हींकडे बघा. पहिल्या खिडकीत उत्तरं येत आहेत आणि दुसरीत "रिक्वेस्ट टाइम्ड आउट" पडतंय, तर राउटरपर्यंत सगळं ठीक आहे. दोन्हींत एकदम पडतंय, तर हवेतला दुवा तुटला. पहिलीत आकडा एरवी दोन-पाच मिलिसेकंद असतो आणि मधूनच चारशे-पाचशेवर उडी मारतो, तेव्हा दुवा तुटला नाही पण गुदमरला आहे. जागा बदलणं आणि चॅनेल बदलणं यांचा फायदा अशाच ठिकाणी होतो.

एवढं एक कळलं की पुढे अंधारात चाचपडावं लागत नाही. मी ही पायरी कधीच गाळत नाही, समोरचा कितीही घाईत असला तरी.

अडॅप्टर, पिन आणि एक्स्टेंशन बोर्ड

दिवे जाऊन येत असतील तर दुसरीकडे कुठेही बघू नका. आणि दिवे जाताना कोणी पाहिलं नसेल तर राउटरच्या पानावर "सिस्टम अपटाइम" शोधा. राउटर सलग किती वेळ चालू आहे ते तिथे लिहिलेलं असतं. कोणी बटण दाबलेलं नाही, वीज गेलेली नाही, आणि तरी तिथे चाळीस मिनिटं दिसतात, तर राउटर चाळीस मिनिटांपूर्वी आपणहून बसला होता.

सोसायट्यांमध्ये याचा एक ठरलेला प्रकार आहे. संध्याकाळी पाण्याचा पंप सुरू होतो, क्षणभर दिवे मंद होतात आणि नेमकं त्याच वेळी नेट जातं. लोक कंपनीला बोल लावतात. खरं तर चांगला अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टपर्यंत काहीही सहन करतो, एवढ्या झटक्याने त्याचं काही बिघडत नाही. पण तीन-चार वर्षं चोवीस तास तापलेल्या अडॅप्टरमधला कपॅसिटर सुकत जातो आणि क्षणभराची घट भरून काढायची ताकद त्यात उरत नाही. हातात घेतलात तर असा अडॅप्टर नेहमीपेक्षा जास्त गरम लागतो, कधी कधी बारीक शिट्टीसारखा आवाज करतो.

आधी पिन हलवून बघा. राउटरमागची गोल पिन बोटाने किंचित हलवल्यावर दिवे लुकलुकले तर सैलपणाच कारण आहे. मग अडॅप्टर एक्स्टेंशन बोर्डातून काढून भिंतीच्या सॉकेटात लावा आणि एक दिवस बघा. तरीही तेच असेल तर नवा अडॅप्टर आणा, दीड-दोनशे ते तीनशे रुपयांत मिळतो. घेताना जुन्यावरचं "आउटपुट" वाचा. व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत: १२ चा १२, ९ चा ९. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, कमी चालत नाहीत. १२ व्होल्ट १ अँपिअरच्या जागी अर्ध्या अँपिअरचा लावलात तर राउटर चालू होईल, पण चार माणसं एकदम जोडली की पुन्हा बसेल.

वीज गेल्यावर घर इन्व्हर्टरवर जाताना राउटर बसत असेल तर अडॅप्टरचा दोष नाही, इन्व्हर्टरला बदली घ्यायला लागणाऱ्या क्षणाचा आहे. राउटरसाठीचा मिनी यूपीएस (बॅटरीचा छोटा डबा) हा त्यावरचा इलाज. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोघांनाही वीज लागते. एकालाच यूपीएस लावून काही साधत नाही.

जागा

राउटर कुठे असावा हे बहुतेक घरांत इंटरनेटवाल्याच्या पोराने ठरवलेलं असतं, आणि त्याने ते वायर कुठून आत आली त्यावरून ठरवलेलं असतं. म्हणून राउटर दारामागे, टीव्हीच्या पाठीमागे, चपलांच्या कपाटावर नाहीतर विजेच्या मीटरशेजारी सापडतो.

वाय-फायला सगळ्यांत मोठा अडथळा धातूचा. लोखंडी कपाटाच्या मागे राउटर असेल तर त्या बाजूची खोली जवळजवळ आंधळी होते. आरशाच्या मागच्या धातूच्या थराचंही तसंच. पाणी रेडिओ लहरी शोषून घेतं, त्यामुळे माळ्यावरची टाकी आणि मोठं फिश टँक दोन्ही नडतात. काँक्रीटचा खांब म्हणजे आत लोखंडी सळ्यांची जाळी. पुण्यातल्या वाड्यांच्या दगडी भिंती किंवा कोकणात, गोव्यात जांभ्याच्या जाड भिंती असतील तर एका भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्झ (वाय-फायच्या २.४ आणि ५ या दोन पट्ट्यांपैकी भिंतीतून कमी जाणारा) पोचलं तरी खूप.

अंदाजाने ठरवू नका, आकडा बघा. अँड्रॉइडवर वाय-फाय अॅनालायझर प्रकारची फुकट अॅप मिळतात. मॅकवर ऑप्शनची कळ दाबून वाय-फायच्या चिन्हावर क्लिक केलं की हेच आकडे दिसतात. सिग्नल उणे डीबीएममध्ये (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) येतो, आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० म्हणजे उत्तम. व्हिडिओ कॉलसाठी उणे ६७ ही मी लक्ष्मणरेषा धरतो. उणे ७५ च्या खाली तुटणारच, त्यात राउटरचा दोष नाही.

राउटर छातीइतक्या उंचीवर, उघड्यावर, घराच्या मध्याकडे आणा. वायर पुरत नसेल तर लांब लॅन केबल घ्या, तिला शंभर मीटरपर्यंत चालतं. आणि त्याच्यावरचा विणलेला रुमाल काढा, सेटटॉप बॉक्सच्या डोक्यावरूनही खाली उतरवा. मे महिन्यात तापून अडखळणारे राउटर मी पंख्याखाली ठेवून बरे झालेले पाहिले आहेत.

एकाच फोनचं किंवा लॅपटॉपचं तुटत असेल तर

फोनवर ते नेटवर्क "विसरा" आणि पासवर्ड टाकून पुन्हा जोडा. पासवर्ड किंवा सुरक्षेचा प्रकार मधे बदलला असेल तर जुनी नोंद अडून बसते. अँड्रॉइडमध्ये वाय-फाय कच्चं वाटलं की मोबाइल डेटावर जायची सोय असते, आयफोनमध्ये तिला वाय-फाय असिस्ट म्हणतात. ती बंद करून बघा. कित्येकदा वाय-फाय तुटलेलं नसतं, फोनच कंटाळून निघून गेलेला असतो.

विंडोज लॅपटॉपमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा, नेटवर्क अडॅप्टरमध्ये वाय-फायचं नाव शोधा आणि पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर "वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या" अशा अर्थाची खूण असेल ती काढा. सगळ्या लॅपटॉपांत ते पान दिसत नाही. दिसलं तर या एका खुणेने बरेच लॅपटॉप सुधारतात, विशेषतः चार्जर काढल्यावरच ज्यांचं नेट तुटतं ते. विंडोजमध्ये वायरलेसचा अहवालही काढता येतो: अॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून "नेटश डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट" हे शब्द रोमन अक्षरांत टाका. गेल्या तीन दिवसांत कधी, किती वेळ आणि कुठल्या कारणाने तुटलं ते तो आलेखासकट दाखवतो. फारच कमी लोकांना हे ठाऊक आहे.

फक्त ऑफिसचं व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारा सुरक्षित मार्ग) तुटतं आणि बाकी सगळं चालू राहतं, तर ती तक्रार ऑफिसच्या आयटीवाल्याकडे न्या. घरच्या राउटरला उगाच छळू नका.

लॅपटॉपला बाहेरची हार्ड डिस्क किंवा यूएसबी ३ चा हब जोडला की नेट तुटतं, असा एक विचित्र वाटणारा प्रकार असतो. तो खरा आहे. यूएसबी ३ च्या तारेतून आणि खोबणीतून निघणारा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात पडतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर टिपण काढलं होतं. डिस्क लांब तारेवर दूर ठेवा किंवा लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर न्या.

चॅनेल आणि बँड

इथपर्यंत सगळं फुकट किंवा दोन-तीनशे रुपयांत झालं. हेही फुकटच आहे, फक्त राउटरच्या पानात शिरावं लागतं.

२.४ गिगाहर्ट्झचा पट्टा अरुंद आहे. त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल (पट्ट्यातल्या वेगवेगळ्या वाटा) तीनच मिळतात: १, ६ आणि ११. ठाण्या-डोंबिवलीकडच्या इमारतीत एका फ्लॅटमध्ये उभं राहून अॅप उघडलं तर पंचवीस-तीस नेटवर्कं सहज दिसतात, आणि ती सगळी या तिघांतच कोंबलेली असतात. अशा वेळी "४ वर कोणी नाही, तिथे जातो" असा मोह होतो. जाऊ नका. एकाच चॅनेलवरचे राउटर एकमेकांचं ऐकतात आणि आळीपाळीने बोलतात. ४ वर गेलात तर तुम्हाला १ चा आणि ६ चा, दोन्हींचा अर्धवट गोंगाट ऐकू येतो आणि कोणी कोणासाठी थांबत नाही. तिघांतला ज्यावर ताकदवान शेजारी कमी असतील तो घ्या. चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ४० ठेवली की पट्ट्याचा अर्धा भाग तुम्ही एकट्याने अडवता आणि सगळ्यांचा त्रासही तुम्हालाच होतो.

मायक्रोवेव्हही याच पट्ट्यात, २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो. दुपारी एक वाजता स्वयंपाकघराशेजारच्या खोलीतला कॉल तुटतो त्यामागे बहुधा तोच असतो. त्याला दुरुस्ती नको, ५ गिगाहर्ट्झ हवं.

५ गिगाहर्ट्झमध्ये जागा ऐसपैस आहे. भारतात २०१८ मध्ये या पट्ट्यातला मोठा भाग विनापरवाना वापराला खुला झाला. मात्र ५२ ते १४४ या चॅनेलांवर रडारचा पहिला हक्क आहे. राउटरला तिथे बोलण्याआधी निदान एक मिनिट नुसतं ऐकावं लागतं, आणि पुढे कधीही रडारसारखं काही ऐकू आलं तर चॅनेल सोडून पळावं लागतं. तो पळाला की ५ गिगाहर्ट्झवरचे सगळे एकदम तुटतात, २.४ वाले मात्र सुखात असतात. हवामान खात्याची सी-बँडची रडारं याच पट्ट्यात चालतात. मुंबईत जोगेश्वरीजवळ वेरावलीला असं एक आहे. विमानतळ, बंदर किंवा हवामान केंद्राच्या आसपास राहत असाल आणि वर सांगितलेलं लक्षण जुळत असेल, तर "ऑटो" काढून चॅनेल ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ मधला पक्का करा. रुंदी १६० ठेवली असेल तर ती ८० वर आणा, कारण ३६ पासून १६० मेगाहर्ट्झ मोजले की ते रडारच्या चॅनेलांत शिरतातच.

दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देऊन राउटर स्वतः निवड करतो, ती सोय दिसायला छान असते. स्वस्त राउटरांत ती फोनला सारखी इकडून तिकडे ढकलते. मी दोन नावं वेगळी करतो. फोन-लॅपटॉप ५ वर. प्रिंटर, कॅमेरा, स्मार्ट बल्ब २.४ वर. जुना प्रिंटर तरीही तुटत असेल तर सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए३ वरून किंवा दोन्हींच्या मिश्र प्रकारावरून डब्ल्यूपीए२ वर आणून बघा. नव्या मिश्र प्रकाराशी काही जुन्या उपकरणांचं पटत नाही.

घरात दुसरा राउटर आहे का?

जुना राउटर फेकवत नाही म्हणून आतल्या खोलीत लावलेला असतो. लावायला हरकत नाही, पण कसा लावलाय ते बघा. दोन्ही राउटर आयपी पत्ते वाटत असतील तर घरात कोणाला कुठला पत्ता मिळेल याचा भरवसा नाही. लक्षण असं, की नवा फोन "आयपी पत्ता मिळवत आहे" वर अडकतो, किंवा आलटून पालटून कोणाचं चालतं, कोणाचं नाही. दुसऱ्या राउटरमधलं डीएचसीपी (पत्ते वाटायची सोय) बंद करा, त्याचा स्वतःचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करा (पहिल्याचा १.१ असेल तर) आणि पहिल्याकडून आलेली केबल त्याच्या वॅनमध्ये (बाहेरून नेट येतं त्या खोबणीत) न लावता लॅनच्या खोबणीत लावा.

रिपीटर (वाय-फायचा सिग्नल पकडून पुढे पोचवणारा डबा) लावलेला असेल तर तो मेलेल्या खोलीत नको, सिग्नल अजून बरा आहे तिथे हवा. त्यालाच उणे ८० मिळत असेल तर तो पुढे काय वाटणार? बरेचसे स्वस्त रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतात आणि बोलतात, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. माझं मत विचाराल तर रिपीटरचे पैसे केबलवर घाला.

तारा

लॅन केबलने नेट येत असेल तर टोकाचा आरजे-४५ जॅक काढून उजेडात बघा. आठ सोनेरी पट्ट्या स्वच्छ दिसायला हव्यात. बाल्कनीतून किंवा डक्टमधून आलेल्या केबलच्या जॅकमध्ये दोन पावसाळ्यांनंतर एखादी पट्टी हिरवट झालेली दिसते, कधी कडेला मुंगीएवढी पांढरी बुरशीही असते. वरची प्लास्टिकची खिट्टी तुटली असेल तर जॅक दिसतो आत, पण असतो अर्धा बाहेर. नवा जॅक पाच-दहा रुपयांचा. क्रिम्पिंगची पक्कड घरात नसली तर कोणीही केबलवाला दोन मिनिटांत बसवून देतो.

राउटरच्या पानावर वॅनचा जोडणीवेग दिसतो. तो नेहमी १ गिगाबिट असायचा आणि आता १०० मेगाबिट दाखवतोय, तर केबलमधली एखादी जोडी तुटली आहे. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, शंभरला दोनच पुरतात, म्हणून राउटर गुपचूप खाली उतरतो. डक्टमध्ये उंदीर असतील तर केबल कुठे कुरतडली आहे तेही बघून घ्या.

फायबर असेल तर फक्त डोळ्यांनी तपासा. दारात चिरडलेली, सोफ्याच्या पायाखाली आलेली, सुताराने खिळ्याने ठोकलेली, किंवा कोपऱ्यात काटकोनात दुमडलेली तार दिसते का? वळण चहाच्या पेल्याच्या घेरापेक्षा लहान असू नये. तार सैल करा, बस. हिरवं टोक ओढून पुसायचा प्रयत्न करू नका, शर्टाच्या कापडाने तर मुळीच नाही. काचेच्या टोकाला चरा पडला की बसलं काम. आणि टोक कधीही डोळ्यांसमोर धरू नका. त्यातला लेझर डोळ्यांना दिसत नाही, पण असतो.

डब्याच्या पानात जाता येत असेल तर "आरएक्स पॉवर" (फायबरमधून डब्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद) बघा. उणे १५ ते उणे २४ डीबीएम असेल तर निश्चिंत राहा. बहुतेक डब्यांची सहनशक्ती उणे २७ पर्यंत असते. उणे २६ वर चालणारं घर पाऊस पडेपर्यंत ठीक असतं, जोडणीच्या डब्यात ओल शिरली की ते २७ च्या पलीकडे जातं. "पाऊस आला की नेट जातं" या तक्रारीमागे मला बहुतेक वेळा हाच आकडा सापडला आहे.

रीसेटचं भोक

मागच्या बाजूला टाचणी घालायचं बारीक भोक असतं. त्यात टाचणी खुपसणं आणि राउटर बंद-चालू करणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रीसेटने पीपीपीओईचं (कंपनीच्या नेटवर्कमध्ये लॉगिन करायच्या पद्धतीचं) युजरनेम, पासवर्ड आणि असेल तर कंपनीने दिलेला व्हीलॅनचा क्रमांक, सगळं पुसलं जातं, आणि कंपनीचा माणूस येईपर्यंत घरात काहीच चालत नाही. हे तपशील कागदावर उतरवलेले नसतील तर त्या भोकाला हात लावू नका. फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करणं चांगलं, पण वीज जाण्याची शक्यता असताना करू नका. मधेच वीज गेली तर राउटर कायमचा जाऊ शकतो.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

लॉसचा दिवा लाल आहे, पॉन स्थिर होत नाही, आरएक्स पॉवर उणे २५ च्या खाली गेलाय, किंवा पिंगच्या पहिल्या खिडकीत सगळं ठीक असूनही दुसरी पडते आहे: ही कामं तुमची नाहीत. फायबर जोडायला स्प्लायसिंगचं यंत्र लागतं, तुमच्या आमच्या पकडीने ते होत नाही. गच्चीवरच्या किंवा जिन्यातल्या स्विचच्या पेटीतही हात घालू नका. तिथे वीज असते, पावसाळ्यात ओल असते आणि बाकीच्या घरांच्या तारा असतात. वीज कडाडल्यानंतर राउटरचं एकच पोर्ट मेलं असेल तर राउटर बदलायला खरंच कारण आहे. मिनी यूपीएस फुगला असेल तर तो आत्ताच काढून बाजूला ठेवा, उद्यावर ढकलू नका. आणि अडॅप्टर बदलूनही पंपाच्या वेळी घरातले दिवे मंद होतच असतील तर तो इलेक्ट्रिशियनचा विषय आहे.

कंपनीला फोन करताना "नेट स्लो आहे" म्हणू नका. ते म्हणाल तर समोरचा तुम्हाला राउटर बंद-चालू करायला लावून फोन ठेवून देईल. असं सांगा: "रोज संध्याकाळी सात ते नऊ मध्ये चार-पाच वेळा तुटतं, राउटरचा अपटाइम तीन दिवस आहे, केबलने लावलेल्या लॅपटॉपवरही तुटतं, आरएक्स पॉवर उणे २६ आहे." केबलवरही तुटतं हे सांगितल्याने "तुमच्या वाय-फायचा प्रॉब्लेम आहे" हे ठेवणीतलं उत्तर बाद होतं. तक्रारीचा डॉकेट क्रमांक मागून घ्या. ट्रायच्या (दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) २०१२ च्या तक्रार निवारण नियमांप्रमाणे तो द्यावाच लागतो, आणि तक्रार सुटली नाही तर त्याच क्रमांकावर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं.

माणूस आला की तो हॉलमध्ये आपल्या फोनवर स्पीड टेस्ट दाखवून निघायच्या घाईत असतो. त्याला दुरुस्तीनंतरचा आरएक्स पॉवरचा आकडा तुमच्यासमोर काढायला सांगा आणि त्याचा फोटो घेऊन ठेवा. पुढच्या पावसात नेट गेलं तर नवा आकडा त्याच्याशी ताडून बघता येतो.